जमिनीवरून पडणार कुठे?

प्रिय मिर्योंग,

आपल्या चांद्र नव्या वर्षाचं तुझं पार्सल पोचलं. मोज्यांचे आता माझ्याकडे अकरा जोड झाले आणि पाय अजून दोनच आहेत, त्यातलाही डावा माझं ऐकत नाही. जिन्सेंगच्या पुड्या मी बांगबाईंना दिल्या, कारण इथे खरे दमतात ते सांभाळणारे. आम्ही काय, बसून असतो. तू रागावणार हे मला माहीत आहे, पण तू देजॉनला आहेस आणि मी इथे गांग्ह्वात, तेव्हा खुशाल रागव.

फोनवर तू विचारतेस, जेवलीस का, मी म्हणते, जेवले, मग आपण दोघी थंडीबद्दल बोलतो आणि तुझी मधली सुट्टी संपते. शाळेतल्या सातशे पोरांच्या जेवणातलं मीठ मोजायचं म्हणजे तुला वेळ नसणारच. म्हणून लिहायला बसले. उजवा हात धड आहे आणि बातमी मोठी आहे. पण ती मी क्रमानं सांगणार. कंडक्टर होते मी इंचॉनच्या बसवर, स्टॉप गाळून गाडी पुढे नेली नाही कधी.

तर पहिला स्टॉप आमचे प्यो साहेब. हा वृद्धाश्रम काढण्याआधी ते पोलादाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते, हे तुला ठाऊक आहे. कारखान्याच्या दारावर असायचा तसला फळा त्यांनी आमच्या दारातही लावलाय, तो तू पाहिलास. ‘अपघाताविना दिवस’ आणि पुढे आकडा. कुणी पडलं की आकडा पुसून शून्य. रोज सकाळी साहेब स्वतः खडूनं नवा आकडा लिहितात आणि दोन पावलं मागं सरून बघतात. माणूस वाईट नाही. स्वतःच्या आईसाठी त्यांनी हे घर काढलं, ती इथेच गेली. पण कारखान्यात माणूस मशीनपासून लांब ठेवला की झालं, आणि इथे माणसाला स्वतःपासूनच लांब ठेवायची वेळ आली, तिथे त्यांचं गणित अडलं.

मी पहिल्यांदा पडले ते सप्टेंबरात. पहाटे चारला माझी झोप उघडते, पहिल्या बसची वेळ ती. पन्नास वर्षं झाली नोकरी सोडून, डोळ्यांना अजून कुणी कळवलेलं नाही. शिवाय जन्मभर मी जमिनीवर झोपले. माझ्या बापानं पलंग पाहिला नव्हता, मी सिनेमात पाहिला. झोपेत कूस बदलताना पुढे कड आहे हे माझ्या अंगाला कुठून कळणार? मी वळले ती थेट खाली. मनगटाला चीर गेली. मग साहेबांनी पलंगाला दोन्हीकडून कठडे बसवले. ऑक्टोबरात मी पहाटे उठले आणि अर्धवट झोपेत कठडा ओलांडला. म्हणजे आधी गुडघ्याच्या उंचीवरून पडले होते, आता कमरेच्या उंचीवरून पडले. कपाळाला पाच टाके. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, ते हे असं.

त्यानंतर पट्टे आले. त्याबद्दल लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण स्टॉप गाळायचा नाही म्हटलंय ना. कमरेला एक रुंद कापडी पट्टा, मनगटांना दोन. रात्रीच्या जेवणानंतर बांधायचे, सकाळी सोडायचे. माझ्या खोलीतल्या बोसोंगवाली आजींनाही बांधलं. एक्याण्णव वर्षांच्या त्या, चहाच्या मळ्यात जन्म गेला, पाठ कोयत्यासारखी वाकलेली. ती वाकलेली पाठ पलंगावर सरळ करून बांधायची म्हणजे काय ते तूच समज. चोवीस माणसांत आम्ही अकराजण रात्री बांधलेले. फळ्यावरचा आकडा मात्र वाढत चालला. वीस, तीस, चाळीस. नोव्हेंबरच्या शेवटी तो अठ्ठेचाळीस झाला, तेव्हा साहेबांनी सगळ्यांना संत्री वाटली.

त्या अठ्ठेचाळीस दिवसांत बोसोंगवालींनी बोलणं टाकलं. आधी त्या जेवणावर शेरे मारायच्या, माझ्या केसांवर शेरे मारायच्या, हवामान सांगणाऱ्या बाईला टीव्हीतच खोटारडी म्हणायच्या. मग नुसता भात गिळायला लागल्या. मग तोही ठेवायला लागल्या. पाठीला जखम झाली. दिवसा सोडलं तरी उठेनात, कारण कुणी बांधणार असेल तर उठायचं कशाला, असं त्यांच्या डोक्यात बसलं असावं. हे कुठल्याच फळ्यावर लिहिलं जात नव्हतं. माझंही फार बरं चाललं होतं असं नाही. मी एकदा दुपारी, सोडलेली असताना, लघवीला उठायचं विसरले. उठता येतं हेच विसरले. सत्तर माणसं बसावीत त्या बसमध्ये शंभर कोंबून, दाराला लटकून, पत्र्यावर दोन थापा मारून ‘ओराई!’, म्हणजे चला, सोडा गाडी, असं ओरडणारी ही बाई. त्या दिवशी मी खूप रडले. पट्ट्यांसाठी नाही, त्या विसरण्यासाठी.

आता बांगबाई. साठी ओलांडलेली, इथली सगळ्यात जुनी सांभाळणारी, कंबर कायमची दुखरी. आम्हाला वळवा, उचला, पुसा, सगळं त्या अर्धवट उंचीच्या पलंगावर वाकून. डिसेंबरातली गोष्ट. संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघींना बांधलं, दिवा बारीक केला, आणि मग काय केलं असेल? आमच्या दोन पलंगांच्या मधल्या जागेत, खाली जमिनीवर, उताण्या आडव्या झाल्या. बॉयलरचं कढत पाणी त्या जमिनीखालून फिरत होतं. सगळी ऊब खाली आणि आम्ही वर गार गादीवर. बांगबाईंनी हात पसरले आणि त्यांच्या तोंडून निघालं, “आई गं, आता जीव आला.”

मी वरून बघत होते. बघता बघता माझी ट्यूब पेटली. कठड्यातून तोंड काढून मी म्हटलं, “बाई, जागा बदलू या का? तुम्ही वर या, मी तुम्हाला बांधते.”

बाई ताडकन उठून बसल्या. आधी लाजल्या, मग चिडल्या, मग हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. म्हणाल्या, माझ्या आईला मी असं वर चढवलं असतं तर तिनं मला झाडूनं मारलं असतं. मी म्हटलं, मग आम्हीच काय पाप केलं? पलंग का आणलेत हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. नातेवाईक बघायला येतात तेव्हा पहिल्यांदा गादी दाबून बघतात. तूही मूठ आवळून दाबली होतीस, आठवतं? आईला जमिनीवर टाकलं असं लोक म्हणतील, ही सगळ्यांची भीती. मानानं वर चढवायचं, मग पडते म्हणून बांधायचं. हे आपल्याच माणसांना सुचू शकतं.

दुसऱ्या दिवशी मी चाकाच्या खुर्चीतून साहेबांच्या खोलीत गेले. बांगबाई मागं उभ्या. मी म्हटलं, आमच्या खोलीतले दोन्ही पलंग काढा, आम्ही खाली झोपतो, पट्टे नकोत. साहेबांनी सुरक्षेची सगळी पोथी उघडली. खाली झोपवलं तर कर्मचाऱ्यांच्या कमरा जातील. हे खरं होतं, मी मान हलवली. पण बांगबाई म्हणाल्या की कंबर वाकून जाते, बसून जात नाही. हिवाळ्याच्या तोंडाशी दोनशे कोबी आम्ही बायका जमिनीवर बसूनच मुरवतो, त्यात कुणाची कंबर गेली? ज्यांना उचलायलाच लागतं त्यांना राहू दे पलंगावर, तोही अगदी खाली उतरवून. या दोघी तर बसल्या बसल्या सरकू शकतात. डॉक्टरांना विचारा. डॉक्टर महिन्यातून दोनदा येतात, ते म्हणाले, करून बघायला हरकत नाही.

साहेब मग शेवटच्या गोष्टीवर आले. म्हणाले, तुमच्या मुलीला विचारावं लागेल.

मी म्हटलं, “साहेब, बांधायला तिची सही लागते हे मला कळतं. सोडायलाही लागते का?”

त्यांनी कपाट उघडून तो कागद काढला आणि चष्मा लावून वाचला. सोडायला सही लागते असं कुठेच लिहिलं नव्हतं. तो कागद मीही वाचला. त्याचं पुढे सांगते.

मग पैज लागली. तीस दिवस. आम्हा दोघींपैकी एक जरी पडली, तर दोघी मुकाट्यानं वर, पट्टे बांधून, आणि मी पुन्हा या विषयावर तोंड उघडायचं नाही. साहेब लगेच तयार झाले. माझं तोंड बंद होणार या आशेवर त्यांनी होकार दिला असं बांगबाई अजून म्हणतात. पण खरं सांगते, मला त्या रात्री भीती वाटली. माझं जाऊ दे. बोसोंगवालींना मी विचारलंही नव्हतं, त्या बोलतच नव्हत्या, आणि त्यांचं उरलेलं आयुष्य मी डावावर लावून आले होते.

सगळ्यात मोठी रात्र असते त्या दिवशी, लाल चवळीची पेज खाऊन, आम्ही खाली उतरलो. पलंग उचलून नेले तेव्हा त्यांच्याखाली धूळ होती, बोसोंगवालींची हरवलेली फणी होती आणि तापलेली, कोरी, कुणी न वापरलेली जमीन होती. बांगबाईंनी गाद्या घातल्या. मी आडवी झाले आणि पाठीला ऊब लागली तशी मला माझी आई आठवली, तिचं जमिनीवर तापत ठेवलेलं भाताचं भांडं आठवलं.  बोसोंगवाली कुशीवर वळल्या. वाकलेली पाठ वाकलेलीच ठेवून, गुडघे पोटाशी घेऊन झोपल्या. दोन महिन्यांत मी त्यांना कुशीवर पाहिलं नव्हतं.

आमच्या खोलीच्या दारावर साहेबांनी वेगळा छोटा फळा लावला, आमचा दोघींचा. एक, दोन, तीन. मी पहाटे चारला उठायचे आणि बसल्या बसल्या सरकत संडासाला जाऊन यायचे. वाटेत धरायला काही नव्हतं म्हणून भिंतीला हात लावत. पाचव्या दिवशी साहेबांनी ते पाहिलं. त्यांच्यातला कारखान्याचा माणूस जागा झाला. दुपारी बघते तर काय, साहेब इस्त्रीच्या विजारीसकट व्हरांड्याच्या जमिनीवर बसलेले, हातात मोजपट्टी, आणि बुड घासत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललेत. कुठे हात अडतो, कुठला कोपरा लागतो, उंबरा किती उंच, सगळं लिहून घेत. स्वयंपाकघरातल्या बायका दारात उभ्या राहून पोट धरून हसत होत्या. दोन दिवसांत बसल्या उंचीला लाकडी दांडा लागला, कोपऱ्यांना जाड कापड लागलं, उंबरा गेला. पैज त्यांनी माझ्याविरुद्ध लावली होती, हे ते विसरले असावेत.

नवव्या दिवशी बोसोंगवाली सरकत खिडकीपर्यंत गेल्या. चौदाव्या दिवशी सकाळी मी तोंड धुऊन परत आले आणि दारातच थांबले. त्या स्वतःच्या अंथरुणाची घडी घालत होत्या. पांघरूण तीन पदरी, गादी त्यावर उलटी, उशी सगळ्यात वर. घडीचा कोपरा कोपऱ्याला लागला. जन्मभर रोज सकाळी घातलेली घडी ती. मग माझ्या अंथरुणाकडे बघून म्हणाल्या, “तुला कुणी शिकवलं नाही का? बाईच्या जातीनं इतक्या उशिरापर्यंत अंथरूण पसरून ठेवायचं?” दोन महिन्यांनी निघालेला पहिला शब्द, आणि तो माझ्या नावानं ठणाणा. मी धावत जाऊन बांगबाईंना सांगितलं असतं, पण धावता येत नाही, म्हणून तिथूनच ओरडले. साऱ्या घराला वाटलं कुणीतरी पडलं.

मग आला एकोणिसावा दिवस. पहाटे बांगबाई आल्या तर बोसोंगवालींचं अंथरूण रिकामं. बांगबाईंचा चेहरा पांढराफटक झाला.  दिवा लावला, तर आजी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, बुटक्या टेबलाखाली, जिथून पाइप आत येतो त्या सगळ्यात ऊन जागेवर, गाढ झोपलेल्या. घोरत होत्या. गडगडत तिथवर गेल्या होत्या. अंगावर ओरखडाही नव्हता. तेवढ्यात साहेब आले, त्यांनी अंथरूण बघितलं, टेबल बघितलं, आणि खडू हातात घेऊन उभे राहिले. म्हणाले, जागेवरून हलल्या म्हणजे नियमाप्रमाणे हे पडणंच झालं, शून्य लिहावं लागेल.

  गलक्यानं जाग्या झालेल्या बोसोंगवाली टेबलाखालून मुंडी बाहेर काढून म्हणाल्या, “अहो साहेब, जमिनीवरून पडून पडून माणूस पडणार कुठे? तळघरात?”

 साहेब खाली बसले, टेबलापाशी, मांडी घालून. त्या जमिनीवर त्यांनी तळवा टेकला आणि बराच वेळ उचलला नाही. त्यांची आई याच घरात पलंगावर गेली, कठड्याच्या आत, हे मला तेव्हा आठवलं. मी काही बोलले नाही, माझंही तोंड कधी कधी बंद असतं. ते उठले आणि फळ्यावर एकोणीस लिहून निघून गेले.

तिसाव्या दिवशी मी खुर्चीतून दाराशी गेले आणि उजव्या हातानं दारावर दोन थापा मारल्या. ‘ओराई!’ इतक्या मोठ्यानं ओरडले की पलीकडच्या खोलीतले एक आजोबा, जे कुणाला ओळखत नाहीत, ते म्हणाले, बस सुटली, चला. साऱ्या घराची बस सुटली खरंच. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अकराजणांपैकी आठजण खाली आले. तिघांना पलंग लागतात, त्यांचे पलंग अगदी जमिनीलगत उतरवलेत आणि शेजारी जाड गाद्या घातल्यात. कुणालाही बांधत नाहीत, मिर्योंग. एकालाही नाही. दोघींना सारखं चालायचं असतं, त्यांना घेऊन आळीपाळीनं कुणीतरी चालतं. त्यासाठी दुपारची एक बाई वाढवली. पडणं अगदी संपलं असंही नाही. परवा एकजण व्हरांड्यात बुडावर बसले, निळा डाग पडला, फळा शून्य झाला. साहेबांनी शून्य लिहिलं आणि त्या दिवशीही संत्री वाटली.

चांद्र नव्या वर्षाच्या आधी सरकारी तपासणी झाली. तपासणीला येणाऱ्या बाई करड्या होत्या, हातात पाटीएवढा टॅब. खोलीत येऊन म्हणाल्या, पलंग कुठायत? साहेबांना घाम फुटला. मी सांगितलं, सांगायचं तेवढं सगळं. बाईंनी नोंदवही मागितली. आधीच्या तीन महिन्यांत सात पडणी, पाच टाके, एक मनगट, पाठीच्या तीन जखमा. नंतरच्या चाळीस दिवसांत एकही नाही आणि जखमा भरल्या. मग त्या म्हणाल्या, बांधायचे पट्टे ठेवता ते कपाट दाखवा. कपाटात फडकी होती. पट्टे कुठे, असं त्यांनी विचारलं. तेव्हा बांगबाई त्यांना मागच्या ओसरीत घेऊन गेल्या. तिथे तुळईपासून तुळईपर्यंत ते सगळे रुंद पट्टे एकाला एक गाठवून ताणले होते, आणि त्यांवर सलगमाचा पाला वाळत होता. बांगबाई म्हणाल्या, दोरीपेक्षा बरे, पाला चिरडत नाही. तपासणीच्या बाईंनी फोटो काढला. जाताना आमच्या खोलीत पुन्हा आल्या, बूट बाहेर काढलेलेच होते, त्या जमिनीवर बसल्या आणि पाय पोटाशी घेऊन पाच मिनिटं काही न लिहिता बसून राहिल्या. म्हणाल्या, माझ्या आईचं घर असं असायचं. काल निकाल आला, सगळ्यात वरची श्रेणी. दारातल्या मोठ्या फळ्यावर साहेबांनी दुसरी ओळ वाढवलीय. ‘बांधलेली माणसं’ आणि पुढे शून्य. हा आकडा पुसायचा नाही, असं त्यांनी खडूलाच बजावलंय.

बोसोंगवाली आता सगळ्यांना छळतात. नव्या वर्षातल्या पहिल्या पौर्णिमेची तयारी जोरात आहे. त्या सकाळी उन्हं यायच्या आत जो दुसऱ्याला नावानं हाक मारून ओ द्यायला लावतो, तो आपल्या वाट्याचा सगळा उन्हाळा, उकाड्यासकट, त्याच्या गळ्यात घालतो, ते तुला मी सांगायला नको. बोसोंगवालींना आपला उन्हाळा प्यो साहेबांना विकायचाय. रोज दुपारी त्या साहेबांना नावानं हाक मारून बघतात, ओ देतात का ते. ते बिचारे दर वेळी देतात.

आता तो कागद. साहेबांनी तो माझ्यासमोर ठेवला तेव्हा मी तुझी सही पाहिली. नावातला शेवटचा गोल तू अजून पूर्ण मिटत नाहीस. सहा वर्षांची असताना मी तुला किती वेळा सांगितलं असेल. नोव्हेंबरात तू आलीस, माझ्या मनगटावरचे वळ बघितलेस, गाडी पुढे घेऊन येते म्हणालीस आणि खोलीत परत आली नाहीस. तेव्हापासून मोजे येतात, तू येत नाहीस. तुला वाटलं असेल, आईला माहीत नाही. आईला डिसेंबरापासून माहीत आहे, आणि आई तुझ्यावर रागावलेली नाही, हे सांगायला मी एवढे कागद खर्च केले. पण नुसतं एवढंच सांगून तू विश्वास ठेवायची नाहीस, म्हणून कधीच कुणाला न सांगितलेलं सांगते. तू चौदा महिन्यांची होतीस. आपली एकच खोली, मधे कोळशाची शेगडी, त्यावर पाण्याची किटली, तुझे बाबा बंदरावर. शिवलेले कपडे कारखान्यात पोचवायला मला जावंच लागायचं. तुला पाठीशी बांधायच्या दुलईचा पट्टा मी तुझ्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक शिलाई मशीनच्या पायाला. दोन तासांनी आले तर तू रडून रडून झोपली होतीस आणि कमरेला लाल वळ होता. एकदा नाही, तो सारा हिवाळा. तू भाजशील या भीतीनं मी बांधलं, मी पडेन या भीतीनं तू सही केलीस. भीती मला कळते, पोरी, ती मीच तुला दिली असेन. त्या हिवाळ्याची माफी मी आज मागते, आणि तुला ती तू मागायच्या आतच देऊन टाकली. तो कागद या पाकिटात घातलाय, साहेबांकडून मागून घेतला, तो कुणाच्या कपाटात राहू नये म्हणून. त्याचं काय करायचं ते तू कर. आणि पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी ये. साहेबांना विचारलंय, नातेवाइकाला एक रात्र राहता येतं. पलंगावर आपल्या दोघींना जागा नव्हती, इथे आहे. पाइपाच्या बाजूची ऊन जागा तुझ्यासाठी राखून ठेवलीय, बोसोंगवालींशी भांडून. लहानपणी त्या सकाळी तू दर वर्षी फसायचीस, आणि मग रुसायचीस. या वर्षी मी चारलाच उठणार आणि तुला नावानं हाक मारणार. फसायचं म्हणून का होईना, ओ दे.

तुझीच,
आई